म्हातारं माकड काय विसरतं?

प्रश्न : माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. गावच्या वाड्यात कोणत्या खोलीत कोण राहायचं, विहिरीला पहिली मोटर कधी बसली, सगळं तोंडपाठ. पण स्वयंपाकघरात येतात आणि ‘मी कशाला आलो होतो गं?’ असं मलाच विचारतात. आमचे मिस्टर म्हणतात, वय झालं की मेंदूतल्या पेशी मरतात, चालायचंच. मुलगी म्हणते, म्हाताऱ्या माकडांनाही असंच होतं आणि त्याचं कारण मेंदूतली रसायनं. दोघांपैकी खरं कोणाचं? आणि माकड विसरलं हे कळतं तरी कसं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या लेकीचं खरं आहे. मिस्टरांचं म्हणणंही हवेतून आलेलं नाही. एकेकाळी शास्त्रज्ञही तेच मानत होते. १९५५ साली हॅरॉल्ड ब्रॉडी या अमेरिकी शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि वय वाढेल तशा मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी घटत जातात, असा निष्कर्ष काढला. पुढे बरीच वर्षं तो प्रमाण मानला गेला. मग मोजणीतली खोट लक्षात आली. मेंदू टिकवण्यासाठी वापरतात त्या रसायनांत तरुण मेंदू जास्त आकसतो, म्हणून त्याच्या कापात पेशी दाट दिसतात. म्हाताऱ्याचा मेंदू कमी आकसतो, तर त्यात त्या विरळ दिसतात. मोजण्याची रीत सुधारल्यावर कळलं की आजार नसेल तर म्हातारपणातही मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या बहुतेक पेशी जागच्या जागी असतात.

हे पक्कं व्हायला माकडांचा मोठा हातभार लागला. माणसाचा मेंदू तपासायला मिळतो तो मृत्यूनंतर, आणि त्या माणसाला अल्झायमरची सुरुवात झाली होती की नव्हती, हे दरवेळी सांगता येत नाही. त्यामुळे निव्वळ वयाचा परिणाम कोणता आणि आजाराचा कोणता, याची सरमिसळ होते. ऱ्हीसस जातीचं लाल तोंडाचं माकड इथे उपयोगी पडतं. त्याचं एक वर्ष म्हणजे ढोबळमानाने माणसाची तीन वर्षं. वीस वर्षांचं माकड साठीला आलेलं, पंचविशीतलं माकड पंचाहत्तरीचं. बोस्टन विद्यापीठात अ‍ॅलन पीटर्स यांनी अशा म्हाताऱ्या माकडांचे मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षं पाहिले. पेशी शिल्लक होत्या. बिघाड होता तो पेशींच्या धाग्यांवरच्या मायलिन नावाच्या आवरणात आणि पेशी एकमेकींना जिथे भेटतात त्या जोडांत.

आता माकड विसरलं हे कसं ओळखतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माकडासमोर एक फळी असते, तिच्यात दोन खळगे. माणूस माकडाच्या डोळ्यांदेखत एका खळग्यात बेदाणा किंवा शेंगदाणा ठेवतो, दोन्ही खळगे सारख्याच झाकणांनी झाकतो आणि मध्ये पडदा सोडतो. काही सेकंद जातात. पडदा वर होतो. माकडाने एकच झाकण उचलायचं. दोन्ही झाकणं सारखी असल्याने आता पाहून काही उपयोग नाही. मघाशी काय पाहिलं ते डोक्यात धरून ठेवलेलं असेल तरच खाऊ मिळतो. पुढच्या खेपेला खाऊ दुसऱ्या खळग्यात असू शकतो, तेव्हा मागचं पुसून नवं धरायचं. पडदा पाडलाच नाही तर म्हातारं माकडही बिनचूक उचलतं, म्हणजे त्याची नजर आणि समज शाबूत आहे. दहा-वीस सेकंदांचा पडदा आला की तरुण माकड निभावतं आणि म्हातारं चुकायला लागतं. अण्णांचं स्वयंपाकघरात जे होतं ते जवळपास हेच आहे. ‘पाण्याचा तांब्या आणायचा’ हे बाहेरच्या खोलीतून निघताना मनात होतं, उंबरा ओलांडेपर्यंत ते धरून ठेवायचं होतं, आणि तेवढ्यात ते निसटलं.

क्षणभर धरून ठेवण्याच्या या शक्तीला शास्त्रज्ञ कार्यकारी स्मृती म्हणतात. ती कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून आहे. त्या भागाला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. तो भाग काढून टाकला तर माकड पडद्याच्या चाचणीत नापास होतं, हे १९३० च्या दशकातच येल विद्यापीठात दिसलं होतं. पण खरा धक्का बसला तो १९७९ साली. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या त्या भागातल्या पेशींना हात न लावता फक्त तिथलं डोपामिन हे रसायन नाहीसं केलं. माकडं जवळजवळ तितकीच चुकू लागली, जणू तो भागच कापून काढला होता. डोपामिनची उणीव भरून काढणारी औषधं दिली, आणि त्यांची चाचणी सुधारली. स्मृतीचं यंत्र धडधाकट असूनही त्याच्या भोवतालचं रसायन गेलं तर ते बंद पडतं, हे इतक्या स्पष्टपणे आधी कोणी दाखवलं नव्हतं. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, गोल्डमन-राकिच यांनी नैसर्गिकरीत्या म्हाताऱ्या झालेल्या माकडांच्या मेंदूत रसायनं मोजली. प्रीफ्रंटल भागात डोपामिन घटलेलं होतं.

ही रसायनं काय करतात ते समजायला गावातलं भजन डोळ्यांपुढे आणा. बुवा एक ओळ म्हणतात, झीलकरी ती उचलतात, पुन्हा बुवांकडे देतात. बुवा श्वासासाठी थांबले तरी ओळ मंडपात चालूच राहते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडून ती उचलत असतो. प्रीफ्रंटल भागातल्या पेशी असंच करतात. खाऊ डावीकडे ठेवला हे डोळ्यांनी पाहिलं की पेशींचा एक गट ‘डावीकडे’ हा संदेश आपापसांत फिरवत राहतो. पडदा पडलेला असतो, समोर काही दिसत नसतं, तरी त्या पेशी धडधडत असतात. हे १९७१ साली अमेरिकेत होआकिन फुस्तेर यांना आणि जपानमध्ये कुबोटा व निकी यांना दिसलं होतं.

म्हातारपणात या पेशींचं काय होतं, हे येलच्या एमी आर्नस्टेन यांच्या चमूने २०११ साली दाखवलं. सहाच माकडं होती, वयं सात ते एकवीस. खाऊ कुठे आहे हे दिसताक्षणी ज्या पेशी धडधडतात त्या म्हाताऱ्या माकडातही तरुणांइतक्याच जोमदार होत्या. मंदावल्या होत्या त्या पडदा पडल्यानंतर संदेश धरून ठेवणाऱ्या. आणि ही घसरण मध्यमवयातच, म्हणजे आपल्या हिशेबाने चाळिशीच्या आसपास, सुरू झालेली दिसली. मग त्यांनी एकेका पेशीजवळ औषधाचा अगदी सूक्ष्म थेंब सोडला. मंदावलेली पेशी पुन्हा बऱ्याच जोमाने धडधडू लागली. इतक्या वर्षांच्या संशोधनातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. म्हाताऱ्या माकडाची ती पेशी जिवंत होती, जोडलेलीही होती, फक्त तिच्या अवतीभवतीची रासायनिक स्थिती बिघडलेली होती.

बिघाड नेमका कुठला, तेही थोडं सांगायला हवं. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन योग्य प्रमाणात मिळालं आणि पेशीवरच्या ठरावीक ग्राहींवर बसलं, तर पेशीच्या आतलं सायक्लिक एएमपी नावाचं द्रव्य आटोक्यात राहतं. ते आटोक्यात असलं की जोडांजवळचे आयनांचे मार्ग मिटलेले राहतात आणि आलेला संदेश पुढे जातो. वय वाढलं की या द्रव्याला आवरणारी विकरं कमी पडतात, मार्ग उघडे राहतात आणि संदेश जोडापाशीच विरून जातो. आर्नस्टेन यांनी वापरलेलं ग्वानफासिन हे औषध नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्याच जागी बसून ते मार्ग मिटवतं.

तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग उरला : वाड्यातल्या खोल्या आठवतात त्या कशा? प्रीफ्रंटल पेशींच्या फांद्यांवर जोड जिथे बसतात तिथे बारीक काटे असतात. काही लांबट, सडपातळ. ते पटकन उगवतात, पटकन बदलतात. काही अळंबीच्या आकाराचे, जाड डोक्याचे, वर्षानुवर्षं टिकणारे. जॉन मॉरिसन यांच्या चमूने २०१० साली तरुण आणि म्हाताऱ्या माकडांमधले हे काटे मोजले. म्हाताऱ्यांत एकूण काटे सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते, आणि गेलेले बहुतेक सगळे सडपातळ जातीचे होते. जाड काटे जसेच्या तसे. नवं शिकणं आणि ताजं धरून ठेवणं हे सडपातळ काट्यांचं काम, मुरलेलं ज्ञान जाड काट्यांत, असं मॉरिसन मांडतात. अण्णांची विहिरीची मोटर का टिकली आणि पाण्याचा तांब्या का निसटला, याचं आज मिळणारं सर्वांत चांगलं उत्तर हेच.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. १९९८ साली आर्नस्टेन आणि गोल्डमन-राकिच यांनी माकडांना चाचणीआधी मोठा गोंगाट ऐकवला. चांगली धडधाकट माकडंही चुकू लागली. कारण उलट दिशेचं होतं : ताणामुळे प्रीफ्रंटल भागात डोपामिन बेसुमार वाढलं होतं. ते कमी पडलं तरी स्मृती सुटते आणि जास्त झालं तरी सुटते. म्हाताऱ्या माकडांचं लक्ष पडद्याच्या काळात एखादी भलतीच वस्तू दाखवली की तरुणांपेक्षा लवकर उडतं, हेही आढळलेलं आहे. माझं म्हणणं असं की हे घराघरात माहीत असायला हवं. टीव्ही मोठ्याने चालू, मिक्सर फिरतोय, आणि चार जणांसमोर कोणी विचारलं, ‘अहो अण्णा, आत्ताच तर सांगितलं, आठवत कसं नाही?’ तर त्या क्षणी अण्णांच्या डोक्यात जी धांदल उडते ती आठवण परत आणायला मदत करत नाही. मिक्सर बंद करून, त्यांच्याजवळ बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगितली तर ती टिकण्याची शक्यता वाढते. यात औषध नाही, खर्चही नाही.

प्रश्न : पाळी गेल्यापासून मला नावं आठवत नाहीत, हातात घेतलेलं काम अर्ध्यावर विसरतं. मैत्रीण म्हणाली, हार्मोन्सच्या गोळ्या घे, माकडांवर सिद्ध झालंय. खरंच?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माकडांवर काही अंशी सिद्ध झालं आहे. तुमच्यासाठी त्यावरून गोळी ठरवता येणार नाही.

ऱ्हीसस माकडिणीचीही पाळी जाते, साधारण पंचविशीच्या सुमारास. पीटर रॅप, मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली बीजकोश काढलेल्या म्हाताऱ्या माकडिणींना इस्ट्राडिओल सतत न देता ठरावीक दिवसांच्या अंतराने दिलं. पडद्याच्या त्याच चाचणीत त्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. पुढे असंही दिसलं की इस्ट्रोजेनमुळे प्रीफ्रंटल भागातले ते सडपातळ काटे पुन्हा वाढतात.

पण त्याच २००३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निकाल आले. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या गोळ्या रोज दिल्या होत्या. त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. माकडिणींना दिलेलं औषध वेगळं होतं, देण्याची रीत वेगळी होती, आणि हार्मोन थांबल्यानंतर किती काळाने ते सुरू केलं यातही फरक होता. पाळी जाण्याच्या सुमारास सुरू केलेल्या हार्मोन्सचा परिणाम आणि पंधरा-वीस वर्षांनी सुरू केलेल्यांचा परिणाम सारखा नसतो, असं आता बरेच संशोधक मानतात. अंगातून वाफा येणं, झोप उडणं असा त्रास असेल तर त्यासाठी हार्मोन्सचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून जरूर करा. निव्वळ स्मृतीसाठी त्या गोळ्या सुरू करू नयेत. झोप नीट लागायला लागली की नावं आठवणंही अनेकींना सोपं जातं.

प्रश्न : माकडांना अल्झायमर होतो का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : माणसाला होतो तसा पूर्ण आजार माकडात दिसत नाही, पण त्याची पहिली पावलं दिसतात.

अल्झायमरच्या मेंदूत दोन खुणा सापडतात : पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या गाठी, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते. म्हाताऱ्या ऱ्हीससमध्ये अमायलॉइडच्या गाठी अनेकदा आढळतात. मादागास्करमध्ये मूषक लेमूर नावाचा मुठीत मावेल एवढा प्राणी आहे, आपल्या प्राइमेट कुळातला सर्वांत लहानांपैकी एक. तो सात-आठ वर्षांत म्हातारा होतो आणि त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूत याच गाठी सापडतात. २०१७ साली ३७ ते ६२ वर्षं वयाच्या वीस चिंपांझींचे मेंदू तपासले गेले, तेव्हा काहींत गाठी आणि टाऊचे गुंते, दोन्ही आढळले. आपला सर्वांत जवळचा नातलग या वाटेवर आपल्या बराच जवळ येतो.

फरक पुढे पडतो. माणसाच्या अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या दारातल्या एन्टोऱ्हायनल भागातल्या पेशी फार लवकर आणि मोठ्या संख्येने मरतात. आजार सौम्य असतानाच तिथल्या काही थरांतल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. माकडात एवढा संहार दिसत नाही. म्हणून तर निव्वळ वयाचा परिणाम पाहायला माकड उपयोगी. पण दोन्ही वाटा पूर्ण वेगळ्या आहेत असंही नाही. म्हाताऱ्या माकडाच्या पेशीत सायक्लिक एएमपी आवरेनासं झालं की त्याच साखळीतून टाऊवर फॉस्फेट चढू लागतं, आणि टाऊचे गुंते होण्याची सुरुवात तिथून होते, असं येलच्याच प्रयोगशाळेत दिसलं आहे. संदेश विरवणारी आणि पुढे पेशी मारणारी, या दोन्ही वाटा एकाच रसायनापाशी भेटतात, हे मला या विषयातलं सर्वांत अस्वस्थ करणारं आणि सर्वांत आशादायक सत्य वाटतं. तिथेच अडवता आलं तर दोन्ही अडेल.

प्रश्न : ही प्रयोगाची माकडं येतात कुठून? आपल्याकडची असतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एकेकाळी बहुतेक सगळी आपल्याकडची होती. ऱ्हीसस हे उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड; माथेरान-महाबळेश्वरला हातातली पिशवी ओढतं ते टोपीवालं माकड त्याचं चुलतभावंड. १९३८ साली क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी भारतातून जहाजाने ऱ्हीसस माकडं नेली आणि त्यांतली ४०९ पोर्तो रिकोजवळच्या कायो सान्तिआगो या छोट्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथे मोकळे राहतात, आणि कोण कोणाचं पोर, कोण किती वर्षांचं, याची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली आहे. २०१७ च्या मारिया वादळाने ते बेट उद्ध्वस्त केलं. वादळातून वाचलेल्या माकडांचं रक्त तपासलं तेव्हा त्यांच्या संरक्षक पेशी सरासरी दोन वर्षांनी, म्हणजे माणसाच्या सात-आठ वर्षांनी, जास्त म्हाताऱ्या झालेल्या दिसल्या. ताणाने प्राणी लवकर म्हातारा होतो, याचा इतका थेट पुरावा क्वचित मिळतो.

पोलिओ लशीच्या काळात, १९५० च्या दशकात, भारतातून वर्षाला लाखाच्या वर माकडं परदेशी जात. अनेक वाटेतच मरत. अमेरिकेत त्यांचा वापर लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत होतो हे बाहेर आलं, आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ पासून निर्यात बंद केली. तेव्हापासून बहुतांशी तिथल्या केंद्रांत पैदास केलेली माकडं वापरतात. वर सांगितलेल्या बहुतेक निष्कर्षांमागे पिंजऱ्यात म्हातारा झालेला एक जीव आहे, हे मी हे लिहिताना विसरू शकत नाही. निर्यातबंदी योग्य होती. सहा माकडांत जे कळेल त्यासाठी साठ वापरू नयेत, हा आज अनेक देशांतल्या नियमांचा गाभा आहे, आणि तो आणखी कडक व्हायला हवा.

प्रश्न : मग शेवटी औषध कुठलं? वडील ८१ वर्षांचे आहेत, स्मरणशक्तीसाठी काय द्यावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : माकडांना उपयोगी पडलेलं सगळं माणसाला उपयोगी पडलं नाही, हे आधी सांगतो. ग्वानफासिनने म्हाताऱ्या माकडाच्या पेशी पुन्हा धडधडल्या. ते औषध अतिचंचल मुलांसाठी अमेरिकेत मान्य झालं. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या निरोगी माणसांना ते बारा आठवडे दिलं, तेव्हा निव्वळ साखरेच्या गोळीपेक्षा जास्त फायदा झाला नाही. शिवाय त्याने रक्तदाब उतरतो आणि झोप येते, म्हणजे म्हातारा माणूस पडण्याची भीती. २०२३ साली क्लोथो या प्रथिनाची बातमी बरीच गाजली. अठरा म्हाताऱ्या माकडांना त्याचं एकच छोटं इंजेक्शन दिलं, आणि पुढचे दोन आठवडे त्यांची स्मृती सुधारलेली राहिली. मोठ्या मात्रेने मात्र तसं झालं नाही. आशादायक आहे, पण ते औषध म्हणून मिळत नाही, आणि त्या नावाने कोणी काही विकत असेल तर घेऊ नका.

माकडांवरून खरंच औषध निघालं ते अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या वाटेने. १९७० च्या दशकात रेमंड बार्टस यांनी तरुण माकडांना स्कोपोलामिन दिलं, जे अ‍ॅसिटिलकोलिनचं काम अडवतं. तरुण माकडं पडद्याच्या चाचणीत म्हाताऱ्यांसारखी चुकू लागली. आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणाऱ्या, शंकराला वाहतात त्या धोतऱ्यात हेच स्कोपोलामिन असतं. त्याच्या बिया खाऊ घालून वाटसरूंना लुटल्याच्या नोंदी ब्रिटिश काळातल्या पोलीस कागदपत्रांत आहेत, आणि लुटला गेलेला माणूस शुद्धीवर आल्यावर काय झालं ते सांगू शकत नसे. या विचारातून अ‍ॅसिटिलकोलिन टिकवणारी औषधं निघाली, त्यातलं डोनेपेझिल १९९६ पासून वापरात आहे. अल्झायमर असेल तर त्याने काही काळ थोडी मदत होते. नुसत्या वयाच्या विसराळूपणावर ते नाही.

वडिलांना काय द्यावं हे विचारण्याआधी ते काय घेत आहेत ते पाहा. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. खाज थांबवायला हायड्रॉक्सिझिन देतात, लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन, नसांच्या दुखण्यावर किंवा झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, हाताच्या कंपावर ट्रायहेक्सिफेनिडिल. ही सगळी अ‍ॅसिटिलकोलिन अडवतात. एकेक वेगळ्या डॉक्टरांनी, वेगळ्या कारणाने दिलेलं असतं, आणि त्यांतली तीन-चार एकाच पोटात जातात. मग घरात म्हणतात, महिनाभरात बाबा एकदम विसरायला लागले. मेडिकलमधून आपणहून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांबाबत तर कोणी डॉक्टरांना सांगतही नाही. पण कुठलीही गोळी परस्पर बंद करू नका. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि एकत्र पाहायला सांगा.

रक्तात बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी केली तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं. शाकाहारी घरात ते आणखी सहज घटतं, त्यानेही विसरायला होतं, आणि ते भरून काढता येतं. ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र घ्या. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात राहणार कसं?

चालणं सुरू ठेवा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मध्यमवयीन आणि त्यापुढच्या माकडिणींना आठवड्यातले पाच दिवस रोज तासभर पट्ट्यावर पळवलं, पाच महिने. पळणाऱ्या माकडिणी चाचणीचं नवं यंत्र वापरायला बसून राहणाऱ्यांच्या दुप्पट वेगाने शिकल्या. पळणं थांबवल्यावर तीन महिन्यांत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत झालेली वाढ ओसरली.

आणि ज्या गोष्टी वयाच्या विसराळूपणात बसत नाहीत त्या लक्षात ठेवा : ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, हिशेबात नव्याने मोठ्या चुका होणं, तीच गोष्ट अर्ध्या तासात चार वेळा विचारणं, आपण विसरतो आहोत हेच लक्षात न येणं, किंवा दोन-चार दिवसांत अचानक गोंधळल्यासारखं होणं. पहिल्या चारांसाठी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. शेवटचं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. म्हाताऱ्या माणसात लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं किंवा नवी गोळी यांनीही असा गोंधळ होतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक वेळा तो उतरतो.